कोंबडी स्वतःचंच अंडं खाते? तिला विकण्याआधी हे दहा दिवस करून बघा

*परसातील कुक्कुटपालन सल्ला*



सध्या अंडी संकलनाच्या वेळी एक तक्रार वरचेवर कानावर येतेय. "कोंबडी ओरडली म्हणून बघायला गेले, तर अंडं नाही. खोक्यात नुसता ओला डाग आणि टरफलाचे दोन तुकडे." म्हणजे कोंबडीच अंडं फस्त करतेय.

यात नुकसान दोनदा होतं. पहिलं, अंडं जातं. दुसरं, आपण रागाच्या भरात कोंबडी विकतो. आपल्या एका सभासद ताईंनी संशयावरून चार कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या. पाचव्या दिवशी पुन्हा खोक्यात फुटलेलं अंडं. विकल्या त्या चांगल्या घालणाऱ्या होत्या, खाणारी घरातच राहिली. आणि ती अंडी का फुटत होती, हे कारण तर तसंच राहिलं होतं.

थोडा हिशोब करा. समजा तुमच्याकडे 20 कोंबड्या आहेत आणि रोज 10 अंडी मिळतात. त्यातली रोज 2 खाल्ली गेली तर महिन्याला 60 अंडी गेली. गावरान अंड्याला 10 रुपये भाव धरला तरी 600 रुपये. बऱ्याच घरात अंड्याचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातातला पैसा असतो. आठवडी बाजार, मुलांच्या वह्या, गटाचा हप्ता त्यावर चालतो. म्हणून हा मेसेज जरा लांब असला तरी शेवटपर्यंत वाचा. घरात कोंबड्या जे बघतात त्यांना वाचून दाखवा.

*सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी*

कोंबडी सहसा धडधाकट अंडं फोडून सुरुवात करत नाही. आधी अंडं आपोआप फुटतं. कवच पातळ असतं, खोक्यात गवत नसतं, नाहीतर दुसऱ्या कोंबडीचा पाय पडतो. कोंबडी ते चाखते, बलक गोड लागतो आणि चटक लागते. मग ती चोच मारून अंडं फोडायला शिकते. तिचं बघून दुसरी शिकते, तिसरी शिकते.

म्हणजे सवय मोडायची तर दोन कामं करायची: *अंडं फुटू द्यायचं नाही, आणि अंडं कोंबडीसमोर पडून राहू द्यायचं नाही.* बाकी सगळे उपाय याच्यानंतर.

*1) आधी खात्री करा: खातंय कोण?*

दरवेळी कोंबडीच चोर असते असं नाही. खोक्यात काय राहिलंय ते नीट बघा.

- गवत ओलं-चिकट, बलकाचे पिवळे डाग, टरफलाचे बारीक तुकडे किंवा टरफलही नाही: बहुतेक कोंबडीच.
- अंडं सबंध गायब, डाग नाही, टरफल नाही: साप, घोरपड, घूस किंवा माणूससुद्धा! साप अंडं अख्खं गिळतो. घूस ओढून बिळाकडे नेते.
- टरफल खुराड्याच्या बाहेर, दगडाजवळ किंवा कुंपणाजवळ सापडतं: मुंगूस किंवा कावळा.
- दुपारी दार उघडं असताना अंडी जातात: कुत्रा आणि कावळा यांच्यावर नजर ठेवा.

उंदीर-घूस असेल तर बिळं बुजवा, खुराड्याला अर्धा इंची जाळी मारा, रात्री खाद्य उघडं ठेवू नका. मुंगूस, घोरपड, साप यांना मारू नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, मारणं गुन्हा आहे. जाळी आणि दार पक्कं केलं की ते येत नाहीत.

खात्री करायला फोन वापरा. बहुतेक अंडी सकाळी घातली जातात. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान खोक्यासमोर फोन टेकवून व्हिडिओ सुरू ठेवा. फोन जाळीच्या बाहेर, चोच पोहोचणार नाही असा ठेवा. दोन दिवसांत कोण आत जातंय, कोण अंड्यावर चोच मारतंय हे दिसून येईल. अंदाजाने कोंबडी विकण्यापेक्षा हे बरं.

*2) कवच पातळ आहे का ते तपासा*

रोजची अंडी हातात घ्या आणि अंधाऱ्या खोलीत फोनची टॉर्च अंड्याच्या खाली धरा. बारीक तडे उजेडात रेघेसारखे दिसतात. कवच खरखरीत, टोकाला पातळ, बोटाने दाबल्यावर दबणारं, किंवा कवचच नसलेलं मऊ कातड्यासारखं अंडं मिळत असेल, तर समजा की कॅल्शियम कमी पडतंय.

तलंग नुकतीच अंड्यावर आली असेल तर पहिली एक-दोन अंडी मऊ येऊ शकतात. घाबरायचं कारण नाही. कोंबडी म्हातारी झाली की अंडं मोठं होतं आणि कवच पातळ होतं, हेही नेहमीचं आहे. पण भर वयातल्या कोंबड्या पातळ कवचाची अंडी देत असतील तर खाद्याकडे बघा.

*3) कॅल्शियमचा हिशोब: इथेच बहुतेकांचं चुकतं*

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुनखडीचं असतं. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडीच्या सगळ्या अंगात मिळून कॅल्शियम असतं ते सुमारे 20 ग्रॅम. म्हणजे एक अंडं घातलं की अंगातला दहावा हिस्सा बाहेर गेला. तो खाद्यातून परत मिळाला नाही तर ती स्वतःच्या हाडातून काढते. पुढे कवच पातळ होतं, आणि कोंबडीचे पायही लुळे पडतात.

आता आपण देतो काय? ज्वारी, बाजरी, मका, तांदळाची कणी, घरातलं उरलंसुरलं. 100 ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा मक्यातून 0.05 ग्रॅमसुद्धा कॅल्शियम मिळत नाही. नाचणीत जास्त आहे, पण तेही 100 ग्रॅमला 0.35 ग्रॅमच्या आसपास. कुठे 2 ग्रॅम आणि कुठे हे!

"पूर्वी आजी कुठे शिंपले घालत होती?" असं काही जण विचारतात. प्रश्न बरोबर आहे. आजीची देशी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी घालायची आणि मध्येच खुडूक बसायची. उकिरड्यावरचे किडे, गोगलगायी, खडे खाऊन तिचं भागायचं. आता आपण ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज असे सुधारित पक्षी पाळतो. ग्रामप्रिया वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते. *अंडी सुधारित कोंबडीची आणि खाद्य आजीच्या कोंबडीचं, असं केलं की कवच पातळ होणारच.*

काय द्यायचं:

- *शिंपल्याचा चुरा* (कुक्कुट खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतो) किंवा चुनखडीचे बारीक खडे. एका घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण 5 ग्रॅम. 20 कोंबड्यांना 100 ग्रॅम, म्हणजे एक किलो दहा दिवस पुरतो. 5 ग्रॅम चुऱ्यातून जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम मिळतं.
- चुरा खाद्यात कालवू नका. वेगळ्या डब्यात किंवा फुटक्या मडक्याच्या बुडात ठेवा. जिला गरज आहे ती आपोआप खाते, नको असेल ती खात नाही.
- *संध्याकाळी* चुरा समोर असलाच पाहिजे. कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री, कोंबडी झोपलेली असताना होतं. तेव्हा पोटात कॅल्शियम असलं की कवच भक्कम होतं. पीठ केलेल्या चुन्यापेक्षा खडा बरा, कारण तो रात्रभर हळूहळू विरघळतो.
- घरातली अंड्याची टरफलं देता येतात, पण *धुऊन, तव्यावर चांगली भाजून, बारीक चुरा करून* मगच. ओळखू येईल असं अर्धं टरफल टाकलंत तर तुम्हीच तिला अंड्याची चव शिकवताय.
- भिंतीला लावायचा चुना किंवा कळीचा चुना देऊ नका. तोंड आणि अन्ननळी भाजते.

ऊन महत्त्वाचं आहे. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं. कोंबड्या दिवसभर बंद खोलीत असतील तर चुरा देऊनही फरक कमी दिसेल. सकाळ-संध्याकाळ बाहेर सोडा.

लहान पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेअर खाद्य किंवा जास्तीचं कॅल्शियम देऊ नका, मूत्रपिंडं बिघडतात. मोठ्या आणि लहान पक्ष्यांचं खाद्य वेगळं ठेवा.

*4) प्रथिनं, पाणी आणि ऊन*

अंड्यात प्रथिनं भरपूर. ज्या कोंबडीला खाद्यातून प्रथिनं मिळत नाहीत तिला अंड्याची ओढ जास्त लागते. अशा कोंबड्या एकमेकींची पिसंही उपटतात. तुमच्याकडे पिसं उपटणं आणि अंडी खाणं दोन्ही एकदम सुरू झालं असेल तर प्रथिनं कमी पडताहेत असं समजा.

घालणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं हवीत. नुसत्या मक्यात-ज्वारीत 9-10 टक्केच असतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला चरण्याशिवाय रोज 40 ते 60 ग्रॅम लेअर खाद्य द्या. ते परवडत नसेल तर धान्याच्या भरड्यात सोयाबीन पेंड किंवा शेंगदाणा पेंड मिसळा. सुकटीचा चुरा, अझोला, वाळवी, शेणातले किडे हेही चालतं. दोन गोष्टी पाळा: कच्चं सोयाबीन देऊ नका, ते पचत नाही, आणि बुरशी आलेली, कुबट वासाची शेंगदाणा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ती विषारी असते.

*पाणी:* तहानलेली कोंबडी अंडं फोडते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उन्हाळ्यात कोंबडी नेहमीपेक्षा दुपटीहून जास्त पाणी पिते. 20 कोंबड्यांना एक भांडं पुरत नाही. दांडग्या कोंबड्या भांडं अडवतात आणि गरीब कोंबडी मागे राहते. दोन-तीन ठिकाणी, सावलीत, मातीच्या भांड्यात पाणी ठेवा आणि दुपारी बदला.

*ऊन:* पारा 35 च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यात श्वासावाटे जो वायू जास्त बाहेर जातो, तोच कवच बनवायला लागतो. शिवाय उन्हात ती खातेही कमी. म्हणून एप्रिल-मे महिन्यात चांगलं खाद्य देऊनही कवच पातळ होतं. छपरावर पाचट किंवा गवत टाका, जाळीला ओलं गोणपाट लावा. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या.

*5) अंडी घालायची जागा नीट करा*

बऱ्याच घरात 20 कोंबड्यांना एक टोपली असते. एक बसलेली, दुसरी तिच्या अंगावर चढलेली, तिसरी रांगेत उभी. अंडी फुटणार नाहीत तर काय!

- *4 ते 5 कोंबड्यांमागे एक खोकं.* 20 कोंबड्यांना किमान चार.
- माप एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. फळांचे लाकडी खोके, तेलाचे कापलेले पत्र्याचे डबे (धार आत वाकवून), जुने प्लास्टिक क्रेट, काहीही चालेल.
- पुढे तीन-चार इंची पट्टी मारा, म्हणजे अंडं गडगडून बाहेर पडत नाही.
- तळाला *तीन-चार इंच* भाताचं तूस, लाकडाचा भुसा किंवा कापलेला पेंढा. कोंबडी उकरून तळ उघडा करते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी हात घालून बघा. बोटाला लाकूड किंवा पत्रा लागला की भर घाला.
- खोकं *अंधाऱ्या कोपऱ्यात* ठेवा, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच. तोंडावर वरून अर्ध्यापर्यंत गोणपाटाच्या पट्ट्या सोडा. आत अंधार असला की कोंबडीला अंडं नीट दिसत नाही आणि ती टोचत बसत नाही. हा बिनपैशाचा उपाय आहे आणि याचा गुण चांगला येतो.
- कोंबड्या रात्री खोक्यात झोपत असतील तर बसायला वेगळा दांडा लावा. दांडा खोक्यापेक्षा उंच हवा, कारण कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते.
- खुडूक कोंबडी खोकं अडवून बसते आणि बाकीच्या दाटीवाटी करतात. तिला रवणीला बसवायचं तर अंडी देऊन वेगळ्या जागी बसवा. बसवायचं नसेल तर वेगळं काढा.

खोक्यात अंडं फुटलंच तर ओलं गवत सगळं काढून टाका, खोकं पुसा आणि नवीन तूस घाला. नुसतं वरचं वर उचलून चालत नाही. बलकाचा वास आणि डाग राहिला की दुसरी कोंबडी तिथे टोचायला येते.

*6) अंडी दिवसातून तीनदा उचला*

सकाळी साडेनऊ, साडेअकरा आणि दुपारी चार. एवढी तीन वेळा फेरी झाली की निम्मं काम झालं. शेतावर जाणाऱ्यांनी ही जबाबदारी घरातल्या आजी-आजोबांना किंवा शेजारच्या ताईंना द्या. कोंबड्या सकाळी लगेच बाहेर सोडू नका. दहा-साडेदहानंतर सोडल्या तर बहुतेक अंडी खोक्यातच मिळतात, कुंपणाला आणि गवतात शोधत फिरावं लागत नाही. उन्हाळ्यात मात्र खुराडा तापत असेल तर सकाळी बंद ठेवू नका, त्याऐवजी सावलीत जाळी करून तिथे खोकी ठेवा.

अंडं खुराड्यात फुटलं तर "जाऊ दे, खातील" म्हणून सोडू नका. फुटकी अंडी कोंबड्यांसमोर कधीही टाकू नका.

*7) खाणारी कोंबडी ओळखा आणि वेगळी करा*

वरचं सगळं केल्यावर चार-पाच दिवसांत अंडी फुटणं बरंच कमी होतं. तरीही चालूच राहिलं तर एखादी पक्की खाणारी आहे. तिला अशी शोधा:

- दुपारी सगळ्यांच्या चोची बघा. चोचीवर, गालावर, गळ्याच्या पिसांवर वाळलेला पिवळा बलक दिसतो.
- ती दुसरीच्या खोक्याजवळ रेंगाळते. दुसरी ओरडून उठली की पहिली धावते.
- फोनच्या व्हिडिओत दिसली तर प्रश्नच नाही.

संशयित कोंबडीला डालग्याखाली किंवा वेगळ्या खुराड्यात चार दिवस ठेवा. खाद्य, पाणी, शिंपल्याचा चुरा सगळं द्या, उपाशी ठेवू नका. या चार दिवसांत बाकीच्यांची अंडी फुटायची थांबली तर चोर सापडला. थांबली नाहीत तर ती निर्दोष आहे, तिला परत सोडा आणि दुसरी तपासा. *ज्या ताईंनी चार कोंबड्या विकल्या त्यांनी हे चार दिवस थांबून बघितलं असतं तर त्या कोंबड्या आज घरात असत्या.*

*8) खोटं अंडं ठेवा*

खोक्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड, लाकडी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचं अंडं ठेवा. प्रत्येक खोक्यात एक-दोन. कोंबडी चोच मारते, फुटत नाही, चोच दुखते, काही मिळत नाही. काही दिवसांनी नाद सोडते. दगड ठेवल्याचा दुसरा फायदा म्हणजे नवीन तलंगा तिथेच अंडी घालायला शिकतात. दगड ठेवताय तेव्हा खरी अंडी मात्र वेळच्या वेळी उचला, नाहीतर ती शिक्षा न होता बक्षीसच होतं.

*मिरचीचं अंडं?* अंड्यात तिखट भरून ठेवा असं बरेच जण सांगतात. उपयोग होत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा आपल्यासारखा जाणवतच नाही. पोपट हिरवी मिरची आवडीने खातो ते बघितलंच असेल. मोहरीची दाट पेस्ट भरलेलं अंडं काही ठिकाणी चालतं, पण ती कटकट करण्यापेक्षा दगड बरा. फिनेल, साबण, कीटकनाशक असलं काही अंड्यात भरू नका. कोंबडी मरेल, आणि चुकून ते अंडं माणसाच्या पोटात गेलं तर आणखी वाईट.

*9) उताराचं खोकं: सगळ्यात खात्रीचा उपाय*

मोठ्या लेअर फार्मवर पिंजऱ्याचा तळ उताराचा असतो. अंडं घातलं की गडगडत बाहेर येतं, कोंबडीची चोच पोहोचतच नाही. हेच आपण घरी करू शकतो.

- खोक्याच्या तळाला फळी किंवा जाड प्लास्टिकची जाळी उतरती बसवा. *एका फुटाला दीड ते दोन इंच उतार* पुरतो. जास्त उतार दिला तर कोंबडी बसत नाही आणि अंडं आदळून फुटतं.
- फळीवर जुनी रबरी चटई किंवा पायपुसणं पक्कं चिकटवा. इथे तूस घालायचं नाही, नाहीतर अंडं अडतं.
- मागच्या बाजूला तळाशी अडीच-तीन इंचाची फट ठेवा. अंडं त्यातून मागच्या बंद कप्प्यात जाईल. कप्प्यात मऊ कापड किंवा भुसा टाका. वरून झाकण, ते बाहेरून उघडायचं.
- फटीला आतून रबराचा किंवा कापडाचा पडदा लावा, म्हणजे कोंबडी मान घालून अंड्यापर्यंत पोहोचत नाही.

सुरुवातीला कोंबड्या नव्या खोक्याला बिचकतात. आठवडाभर जुन्या खोक्याशेजारी ठेवा, आत एक खोटं अंडं चिकटवून ठेवा, मग जुनं काढा. गावातल्या सुताराला माप दिलं तर जुन्या फळ्यांतून होतं. दिवसभर घरी कोणी नसतं त्यांनी हाच उपाय करावा. अंडीही स्वच्छ मिळतात.

*10) चोच कापणं आणि कोंबडी विकणं*

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीची चोच कापू नका. तिला किडे, दाणे टिपायला चोच लागते. चुकीची कापली तर रक्तस्राव होतो, खाणं सुटतं. पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय हे काम घरी करायचं नाही.

खाद्य, खोकी, वेळेवर गोळा करणं, वेगळं ठेवणं, खोटं अंडं हे सगळं करूनही एखादी कोंबडी अंडी फोडत असेल तर तिला खुशाल मांसासाठी विका. अशी एक कोंबडी कळपात राहिली तर बाकीच्यांना शिकवते. पण ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

*डॉक्टरांना कधी बोलवायचं?*

अचानक अंडी निम्म्यावर आली, एकदम बऱ्याच कोंबड्या मऊ किंवा वेडीवाकडी अंडी घालायला लागल्या, सोबत शिंका, घरघर, हिरवी हगवण किंवा मान वाकडी होणं दिसत असेल, तर हा खाद्याचा प्रश्न नाही. मानमोडीसारखा रोग असू शकतो. घरगुती उपाय करत बसू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, आजारी पक्षी वेगळे ठेवा, त्यांची विक्री करू नका.

*सभासदांनी विचारलेले प्रश्न*

_"शिंपल्याचा चुरा ठेवला पण कोंबड्या खात नाहीत."_
तीन-चार दिवस थांबा. चुऱ्यावर मूठभर भरडा टाका म्हणजे तोंड लागेल. चुरा ओला झाला असेल तर बदला.

_"लेअर खाद्य चालू आहे, तरी चुरा द्यायचा का?"_
पूर्ण लेअर खाद्यावरच असतील तर त्यात 3 ते 4 टक्के कॅल्शियम असतं, वेगळं फारसं लागत नाही. पण आपण खाद्य थोडं आणि धान्य जास्त देतो, म्हणून चुरा समोर असू द्या. ब्रॉयलरचं खाद्य घालणाऱ्या कोंबडीला पुरत नाही, त्यात कॅल्शियम जेमतेम 1 टक्का असतं.

_"रात्री दिवा लावतो, त्याने होतं का?"_
अंड्यांसाठी दिवस आणि दिवा मिळून 14 ते 16 तास उजेड पुरतो. रात्रभर प्रखर दिवा ठेवू नका. जास्त उजेडात कोंबड्या चिडतात, टोचाटोची वाढते. दिवा खोक्याच्या तोंडावर येणार नाही असा लावा.

_"तडा गेलेली अंडी केंद्रावर चालतील का?"_
नाही. तडा गेलेलं अंडं लवकर नासतं आणि ट्रेमधली बाकीची घाण करतं. ताजं असेल तर घरी लगेच नीट शिजवून खा.

*दहा दिवसांचं वेळापत्रक (हे जपून ठेवा)*

*दिवस 1:* खोकी मोजा. सगळं जुनं गवत काढा, नवीन तूस चार इंच भरा. गोणपाटाच्या पट्ट्या लावा. पाण्याची भांडी वाढवा.
*दिवस 1 संध्याकाळपासून:* शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, रोज.
*दिवस 2:* प्रत्येक खोक्यात खोटं अंडं. तीन वेळा अंडी गोळा करायला सुरुवात. खाद्यात पेंड किंवा लेअर खाद्य सुरू.
*दिवस 2 ते 4:* सकाळी फोनवर व्हिडिओ. चोची तपासा.
*दिवस 5 ते 8:* संशयित कोंबडी वेगळी. बाकीच्यांची अंडी मोजा.
*दिवस 9-10:* टॉर्चने कवच तपासा. पहिल्या दिवसाशी तुलना करा. गरज असेल तर उताराच्या खोक्याची तयारी करा.

एका वहीत किंवा कॅलेंडरवर रोज तीन आकडे लिहा: *मिळालेली अंडी, फुटलेली अंडी, मऊ अंडी.* दहा दिवसांनी हे आकडे बघितलं की काय लागू पडलं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

दहा दिवस करून बघा आणि तुमचे तीन आकडे या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. आवाजी मेसेज पाठवला तरी चालेल. खोक्याचा फोटो पाठवलात तर काय बदलायचं ते सांगू. ज्यांनी उताराचं खोकं बनवलंय त्यांनी फोटो नक्की पाठवा, बाकीच्या सभासदांना दाखवू.

तोपर्यंत कोंबडी बाजारात नेऊ नका. आधी खोक्यात हात घालून बघा.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग